अफ्योनलाच उतरायचंय?

तुर्कस्तानात अफ्योन ठाऊक नसलेला माणूस सापडणार नाही, आणि अफ्योन पाहिलेला माणूस सापडणंही जवळजवळ तितकंच अवघड. इस्तंबूलहून अंतालियाला जाणारी बस अफ्योनवरून जाते. अंकाऱ्याहून इझमीरला जाणारी अफ्योनवरून जाते. बुर्साची कुटुंबं उन्हाळ्यात दक्षिणेच्या समुद्राकडे निघाली की त्यांना अफ्योन चुकत नाही, आणि कोन्याचा माणूस इझमीरला लेकीच्या घरी निघाला तर त्यालाही नाही. या सगळ्यांना विचारा, "अफ्योन कसं आहे हो?" सगळे एका सुरात सांगतील, "सुजुक चांगला मिळतो."

गावाचा असा एका जिनसेत निकाल लावायची रीत आपल्याला नवी नाही. घाट चढायला मागून इंजिन लागेपर्यंत गाडी थांबायची, तेवढ्या वेळात महाराष्ट्राने अख्खं कर्जत एका वड्यात बसवून टाकलं. स्टेशनच्या पुलापलीकडे काय आहे, हे विचारण्याची गरज पिढ्यान्‌पिढ्या कोणाला वाटली नाही. अफ्योनचं तेच झालंय, फक्त मोठ्या मापात. अडीच लाखांहून जास्त वस्ती, हजार मीटर उंचीवरचं पठार, डोक्यावर किल्ला, पोटात गरम पाणी, आणि ओळख काय, तर लसणाचा सॉसेज.

शहराचं सरकारी नाव अफ्योनकाराहिसार. अफ्योन म्हणजे आपली अफूच, आणि काराहिसार म्हणजे काळा किल्ला. २००४ साली तुर्की संसदेने कायदा करून हे पूर्ण नाव पक्कं केलं. लोक मात्र अजून नुसतं अफ्योनच म्हणतात. अर्ध्या तासासाठी एवढं लांब नाव कोण घेणार?

हा अर्धा तास म्हणजे 'मोला'. तुर्की बसप्रवासातला थांबा. मोला ही तिथली फार गंभीर गोष्ट आहे, आणि तिची राजधानी अफ्योन. आमच्या ओळखीतली निम्मी मंडळी टूर कंपनीबरोबर तुर्कस्तान करून आली आहेत. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत 'अफ्योन येथे दुपारचे भोजन' अशी एक ओळ होती, आणि त्यांच्या फोनमध्ये अफ्योनचा एकच फोटो होता : हात धुण्याच्या बेसिनसमोर टिश्यू पेपर शोधणारे मामा. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, की आपण अफ्योनला राहायचं. बायकोला मी कारण वेगळं दिलं. म्हटलं, "अगं, इस्तंबूल ते अंतालिया एका दमात तुझ्या कमरेला झेपायचं नाही." तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझ्या कमरेचं नाव पुढे करू नका. बरं, आहे काय तिथे?" मी म्हटलं, "तेच बघायचंय."

तुर्की बस हा एक लाडावणारा प्रकार आहे. ड्रायव्हरच्या जोडीला एक मुआविन असतो. हा कंडक्टर, वाढपी आणि थोडा नर्स असा तिन्ही मिळून एक तरुण असतो. बस सुटली की तो बाटली घेऊन येतो आणि आपण ओंजळ पुढे केली की तिच्यात लिंबाच्या वासाचं कोलोन ओततो. तीर्थ समजून तोंडाकडे नेऊ नये. ऐंशी टक्के अल्कोहोल असतं. मग चहा, कॉफी, केकचा तुकडा, पाण्याची सीलबंद पेली. आमच्या मुआविनाने तिकीट पाहिलं आणि विचारलं, "अंतालिया?"

"अफ्योन."

"अफ्योन मोला. अंतालिया देनिझ." देनिझ म्हणजे समुद्र. समुद्राच्या लाटा त्याने हाताने करून दाखवल्या.

"अफ्योन ओतेल," मी म्हणालो.

तो ड्रायव्हरकडे गेला. दोघांचं काहीतरी बोलणं झालं. ड्रायव्हरने आरशातून आम्हाला नीट पाहून घेतलं. नंतर चहा द्यायला आला की तो दर वेळी लाटा करून दाखवी, एकदा पोहण्याचे हातही केले. दोन भोळ्या म्हाताऱ्यांना कोणीतरी चुकीचं तिकीट विकलंय अशी त्याची खात्री झाली होती आणि अफ्योन यायच्या आत आम्हाला वाचवायचं, असं त्या भल्या पोराने मनावर घेतलं होतं.

मग बस एका प्रचंड इमारतीसमोर वळली आणि सगळी उठली. आम्हीही सामान काढलं. मुआविन धावत आला. हे अफ्योन नव्हे, हा मोला. अफ्योन शहर अजून पुढे. अफ्योनमध्ये अफ्योन दोन आहेत हे त्या दिवशी कळलं : एक, जिथे रोज हजारो लोक उतरतात, आणि दुसरं, जिथे फक्त अफ्योनकर उतरतात.

पहिल्या अफ्योनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. पन्नासेक बस ओळीने उभ्या. प्रवासी उतरले रे उतरले की गमबूट घातलेली पोरं पाइप जोडलेले लांब दांड्याचे ब्रश घेऊन बसवर तुटून पडतात. काचेवर चिकटलेले रात्रीचे किडे, चाकांवरचा चिखल, सगळं साबणाच्या फेसात. आत प्रवासी तोंड धुतात, बाहेर बस तोंड धुते. आत शिरलं की लोकुम नावाच्या मिठाईचे डोंगर : गुलाबाचा, पिस्त्याचा, सायीचा, खोबऱ्यात लोळवलेला. त्यापुढे सुजुकाच्या माळा, घोड्याच्या नालासारख्या वळलेल्या, भिंतीला इथून तिथे टांगलेल्या. त्यापुढे संगमरवराचे बुद्धिबळाचे पट, संगमरवरी खलबत्ते, संगमरवरी कासवं. त्यानंतर, का कोण जाणे, उशा आणि सपाता. बसमधून उतरलेल्या माणसाला अर्ध्या तासात नेमकं काय सुचेल याचा कोणीतरी फार खोल विचार केलेला दिसतो. सुलभ शौचालयाला पैसे पडतात, पण बाहेर येताना पुन्हा कोलोन मिळतं, त्यामुळे व्यवहार तोट्याचा वाटत नाही.

आणि या सगळ्यावर लाउडस्पीकरचा अखंड आवाज. अमुक नंबरच्या बसच्या आदरणीय प्रवाशांनो, आपली बस सुटत आहे. तुर्कस्तानात गाडीच्या नंबरचे पहिले दोन आकडे प्रांताचे असतात : ३४ इस्तंबूल, ०६ अंकारा, ०७ अंतालिया, ३५ इझमीर. स्पीकर सारखा ३४, ०६, ३५, ०७ पुकारत असतो. अफ्योनचा नंबर ०३. तो मी शेवटपर्यंत ऐकला नाही. यजमानाला कोण कशाला पुकारेल?

तुर्क लोक या गदारोळात निवांत सूप पितात. मराठी माणसाला ते जमत नाही. बायकोने चहाचा प्याला हातात घेतला तो दाराशी जाऊन, आमच्या बसवर नजर ठेवून. "धुताहेत तोवर सुटणार नाही," मी म्हटलं. "धुतली की सुटेल ना?" ती म्हणाली. याला उत्तर नव्हतं.

दुसऱ्या अफ्योनला उतरणारे आम्ही दोघंच. हॉटेलातल्या काउंटरवरच्या माणसाने नाव विचारायच्या आधी विचारलं, "सकाळी किती वाजता निघणार?" मी म्हटलं, परवा. त्याने पेन खाली ठेवलं. पासपोर्ट पाहिला. "हिंदिस्तान," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "मेर्मेर!"

मेर्मेर म्हणजे संगमरवर. अफ्योनजवळ इस्जेहिसार नावाचं गाव आहे, तिथल्या खाणी रोमन काळापासून चालू आहेत. जांभळट शिरांचा तिथला पांढरा दगड रोमला जात असे, पँथिऑनमध्ये तो आजही आहे. अलीकडच्या काळात तुर्की दगडाचं एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपण. तेव्हा हिंदी माणूस अफ्योनला दोन रात्री राहतो याचा अर्थ एकच. त्याने फोन काढून मला लाद्यांचे फोटो दाखवायला सुरुवात केली. कोणा नात्यातल्याची खाण होती. माझा संगमरवराशी आयुष्यातला संबंध म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा, आणि तोही ग्रॅनाइटचा. पण त्याने इतक्या प्रेमाने दाखवले की मीही दोन लाद्यांवर बोट ठेवून 'हं' म्हणालो. त्या 'हं'चा पुढे दोन दिवस पाठपुरावा झाला.

हे मला इस्तंबूलमध्येही भोगावं लागलं होतं, वेगळ्या कारणाने. माझ्या डोक्यावर केस नाहीत. आणि इस्तंबूल हे जगभरच्या टकल्यांचं काशीक्षेत्र आहे. विमानतळावर डोक्याला काळी पट्टी बांधलेले, कपाळ सुजलेले पुरुष रांगांनी दिसतात. त्यामुळे तिथे टॅक्सीवाल्यापासून गालिचेवाल्यापर्यंत प्रत्येकाने माझ्या टाळूकडे पाहून हळुवारपणे चौकशी केली, "ऑपरेशन कधी?" तिथे मी केसांसाठी आलेला, इथे दगडांसाठी. नुसतं बघायला आलोय, यावर कोणाचा विश्वास बसत नाही. त्यांचंही बरोबर आहे. अफ्योनला बघायला येणाऱ्या माणसाकडे मीसुद्धा जरा संशयानेच पाहिलं असतं.

पण बघण्यासारखं आहे, आणि ते मान वर केली की दिसतं. सपाट शहराच्या मधोमध एक काळा ज्वालामुखी सुळका, सव्वादोनशे मीटर उंच, जमिनीतून थेट वर आलेला, आणि त्याच्या टोकाला किल्ला. हित्ती, फ्रिजियन, बायझंटाइन, सेल्जुक, ऑटोमन सगळे तिथे चढून गेले. किल्ला दिसला की मराठी माणसाला आपल्याला गुडघे आहेत हे आठवत नाही. ते शंभराव्या पायरीला आठवतं. पायऱ्या कित्येक शे आहेत. वाटेत एक तुर्की कुटुंब बसलं होतं, त्यांनी आम्हाला सूर्यफुलाच्या बिया दिल्या आणि विचारलं, "अंतालियाला चाललात?" एवढं चढून आल्यावरही! माथ्यावर पडकी तटबंदी आहे, लाल झेंडा आहे आणि खाली सगळं कौलारू शहर आहे. मीही तिथे महाद्वार कुठे, बुरूज किती, पाण्याचं टाकं कुठे हे सगळं शोधून घेतलं आणि बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "छान. आता उतरायचं कसं ते सांगा."

खाली बागेत विजयाचं स्मारक आहे. १९२१ च्या उन्हाळ्यापासून ग्रीक सैन्य या शहरात ठाण मांडून बसलं होतं. २६ ऑगस्ट १९२२ च्या पहाटे जवळच्याच कोजातेपे टेकडीवरून मुस्तफा कमालने हल्ला चढवला, दुसऱ्या दिवशी अफ्योन घेतलं, आणि ३० तारखेला पलीकडे दुमलुपिनारला निर्णायक लढाई जिंकली. तो दिवस आजही देशभर विजयदिन म्हणून पाळतात. टेकडी चढताना, बोट ओठांशी नेऊन विचारात गढलेल्या मुस्तफा कमालचा फोटो अफ्योनच्या प्रत्येक दुकानात आहे, बहुधा सुजुकाच्या वर. स्मारक मात्र क्रिपेल नावाच्या ऑस्ट्रियन शिल्पकाराने १९३६ मध्ये केलेलं. आपल्याकडे वीरपुरुष म्हटला की घोडा, तलवार, जिरेटोप, अंगरखा असा सगळा सरंजाम लागतो. इथे एक पिळदार पुरुष, अंगावर धागा नाही, आणि पायाशी आडवा पडलेला शत्रू, त्याच्याही नाही. अफ्योनला हिवाळ्यात बर्फ पडतं. बायकोने विजेत्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "जिंकल्यावर तरी द्यायचं काहीतरी पांघरायला."

या गावात मनाविरुद्ध मुक्काम केलेलेही पुष्कळ होऊन गेले. पहिल्या महायुद्धात इथे युद्धकैद्यांची मोठी छावणी होती. २९ एप्रिल १९१६ ला मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात ब्रिटिश हिंदी फौज शरण आली, त्या फौजेचं नाव होतं सहावी पुणे डिव्हिजन, आणि तीत मराठा पलटणीही होत्या. त्यातल्या हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना दूर वाळवंटात रेल्वेच्या कामाला जुंपलं. गोऱ्या कैद्यांपैकी काही इथे, अफ्योनला आले. म्हणजे पुण्याचं नाव या गावात माझ्या आधी शंभर वर्षं पोचलेलं होतं. कैद्यांना आर्मेनियन चर्चमध्येही ठेवत. चर्च ज्यांचं, त्या आर्मेनियन लोकांना त्याआधीच हाकलून दिलं होतं. ही गोष्ट विनोदी लेखात मावणारी नाही, पण गाळून पुढे जाणंही बरं नव्हे.

किल्ल्याच्या पायथ्याशी जुनी लाकडी घरं आणि त्यांच्यात उलू जामी, म्हणजे थोरली मशीद. १२७० च्या दशकातली. बाहेरून अगदी साधी, कोणी वळून पाहणार नाही अशी. आत गेलं की चाळीस लाकडी खांबांचं रान. खांबांच्या माथ्यावर कोरीव काम, त्यावर पुसट होत गेलेले जुने रंग, वर लाकडी तक्तपोशी, खाली गालिचा. २०२३ मध्ये अनातोलियातल्या अशा पाच लाकडी मशिदी जागतिक वारशात गेल्या, त्यातली ही एक. इथे मात्र मी गप्प बसलो. अर्धा तास कसा गेला कळलं नाही, आणि तो मोलाचा अर्धा तास नव्हता. निघताना एका आजोबांनी हात छातीवर ठेवून सलाम केला आणि विचारलं, "मेर्मेर?" बातमी गावभर झाली होती.

आता खाण्याकडे येऊ, कारण अफ्योनकर आपल्याला दुसरीकडे जाऊच देत नाहीत. २०१९ साली युनेस्कोने या शहराला खाद्यसंस्कृतीचं शहर असा मान दिला. त्याच यादीत त्याच वर्षी आपलं हैदराबादही आलं. म्हणजे बिर्याणीच्या पंक्तीला सुजुक. सुजुक गोमांसाचा असतो, त्यामुळे आमचा विषय वासावरच संपला. दुकानदाराला आम्ही खुणेने सांगितलं की मांस खात नाही. तो क्षणभर दुःखी झाला, मग त्याला मार्ग सापडला : आत जाऊन कोंबडीचा सुजुक घेऊन आला. मांस नसलेलं म्हणजे कोंबडी, ही व्याख्या तिकडे बरीच रूढ आहे. पण हाल झाले नाहीत. मसुराचं सारण भरून भाजलेली ब्युक्मे नावाची पोळी मिळते, पिठात उकडलेला बटाटा मळून केलेला मऊ पाव मिळतो, आणि मिळतो कायमाक.

कायमाक म्हणजे म्हशीच्या दुधाची साय. पण साय हा शब्द तिच्यापुढे फार हलका पडतो. दूध मंद आचेवर बराच वेळ तापवायचं, रात्रभर थंड होऊ द्यायचं, आणि वर जो जाड थर येतो त्याची सुरळी करायची. सकाळी मधाबरोबर पावावर लावून खातात. आणि या म्हशींना परंपरेने काय घालतात, तर खसखशीचं तेल काढून उरलेली पेंड. त्यामुळेच साय अशी दाट होते, असं अफ्योनकर सांगतात. म्हशींचे चेहरे मी पाहिले नाहीत, पण सायीवरून समाधानी असाव्यात.

आता मला सांगा, ज्या गावात असलं दूध निघतं त्या गावाने चहा काळा प्यावा? छोट्या कमरेच्या काचेच्या पेल्यात, दोन खडे साखर घालून, लालभडक. बायकोने नाश्त्याला दूध मागितलं. वेटरने काळजीने तिच्याकडे पाहिलं आणि पोट दुखतंय का, असं पोटावर हात ठेवून विचारलं. मग मोठ्या ग्लासात थंडगार दूध आणून ठेवलं. तिने चहाकडे पाहिलं, दुधाकडे पाहिलं, आणि चमच्याने कायमाकचा एक तुकडा तोडून सरळ चहात सोडला. तो बुडाला नाही. वर तरंगत, कडेने पिवळे डोळे सोडत, हळूहळू विरघळायला लागला. वेटर आत गेला आणि आचाऱ्याला घेऊन आला. आचाऱ्यामागून भांडी घासणारा आला. तिघांसमोर तिने घोट घेतला आणि "बरा झालाय" असा निकाल दिला. आचाऱ्याने एक शब्द उच्चारला तो मला कळला नाही, पण तो कौतुकाचा नसावा.

संध्याकाळी गरम पाण्याला गेलो. अफ्योनची जमीन आतून तापलेली आहे. त्या पाण्यावर शहरातली कितीतरी घरं हिवाळ्यात ऊब घेतात, आणि गावाबाहेर मोठमोठी हॉटेलं उभी आहेत. तुर्क लोक अफ्योनला खरोखर मुक्कामाला येतात ते इथे : सांधेदुखीवाले, नवपरिणीत आणि राजकीय पक्षांची शिबिरं. तिघांनाही गरम पाण्याचा गुण येतो म्हणतात. तलावाच्या दाराशी एका तरुणाने मला अडवलं. टोपीशिवाय प्रवेश नाही. तुर्की तलावांत डोक्याला रबरी टोपी सक्तीची, कारण केस पाण्यात पडतात. मी मान वाकवून त्याला माझं डोकं दाखवलं. त्याने ते नीट, सर्व बाजूंनी पाहिलं. मग भिंतीवरचा नियम दाखवला. मी पुन्हा डोकं दाखवलं. त्याने पुन्हा नियम दाखवला. एवढ्यात छाती, पाठ आणि खांद्यांवर अस्वलासारखी लव असलेले एक गृहस्थ टोपी घालून आमच्यामधून सन्मानाने पाण्यात उतरले. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. "बोने वार," तरुण म्हणाला. त्यांना टोपी आहे. मग मीही निळी टोपी विकत घेतली. गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसल्यावर शेजारच्याने माझ्या टोपीकडे पाहून सहानुभूतीने विचारलं, "इस्तंबूल? नवे केस?" मी हो म्हणालो. टोपीच्या आत असतील, असं त्याला वाटलं तर वाटू दे.

विमानाने अफ्योनला येता येतं का, हेही मी पाहिलं. येतं, तत्त्वतः. शेजारच्या कुताह्या प्रांतात २०१२ साली झाफेर म्हणजे 'विजय' नावाचा विमानतळ बांधला, तीन प्रांतांसाठी मिळून. बांधणाऱ्या कंपनीला सरकारने लाखो प्रवाशांची हमी दिली. प्रवासी आले नाहीत, पण हमी ही हमी असते; न आलेल्या प्रवाशांचे पैसे सरकार भरतं. या भागातला हा एकच मोला असा, जिथे कोणी थांबत नाही आणि तरी बिल होतं.

निघायच्या दिवशी अंतालियाची बस पकडली. कोलोन झालं, चहा झाला, आणि गाव मागे पडतंय तोवर बस वळून उभी राहिली. मोला. अर्धा तास. बस इस्तंबूलहून आलेली, तिच्या दृष्टीने अफ्योन आत्ताच आलं होतं. गमबूटवाली पोरं ब्रश घेऊन धावली. मी म्हटलं, आपण बसमध्येच बसू. पण बायकोच्या डोक्यात खसखस होती.

हे तिच्या डोक्यात कोणी घातलं असेल तर मीच. आदल्या रात्री मी तिला सगळं सांगितलं होतं : की इथली शेतं मे-जूनमध्ये पांढऱ्या-जांभळ्या फुलांनी भरतात, की अमेरिकेच्या दडपणाखाली १९७१ मध्ये तुर्की सरकारने अफूची लागवड बंद केली आणि १९७४ मध्ये नव्या सरकारने ती पुन्हा सुरू केली, पण अशा बेताने, की बोंडाला चीर द्यायची नाही, चीक काढायचा नाही, वाळलेली बोंडं सरकारला द्यायची, की बोल्वादिनच्या सरकारी कारखान्यात त्यांचं औषधी मॉर्फिन होतं आणि बी मात्र शेतकऱ्याचं, आणि की आपल्याकडे दिवाळीत अनारसे ज्या खसखशीवर थापतात, तिच्यातली बरीचशी तुर्कस्तानातून येते. एवढं सांगून मी झोपलो. ती झोपली नसावी.

"अहो, इथे मुळाशी आलोय तर दोन किलो घेऊ. वाण्याकडे भाव काय झालाय माहितीये?"

"अगं, परतीचं विमान दुबईवरून आहे. दुबईत खसखशीला बंदी आहे. अमली पदार्थ समजतात."

"खसखस?"

"खसखस."

"मग अनारसे खाऊन गेलेली माणसं कशी सोडतात?"

यावर मी वाचलेलं नव्हतं. दुकानदाराने तोवर काउंटरवर तीन थाळ्या मांडल्या होत्या : पांढरी, पिवळसर आणि निळी-काळी. शेजारी भाजून वाटलेल्या खसखशीचा तपकिरी लगदा, त्याचा चमचा त्याने माझ्या तोंडातच घातला. तिने पांढरी चिमटीत घेऊन तळहातावर चोळली, फुंकर मारून पाहिली. बाहेर स्पीकरवर आमच्या बसचा नंबर झाला. अखेर तडजोड निघाली : खसखस नाही, खसखशीचा थापलेला मोठा पाव घ्यायचा आणि अंतालियात संपवायचा.

"आणि दातात अडकली तर?" मी विचारलं.

"दुबईच्या आधी दात घासू."

नंबर दुसऱ्यांदा पुकारला. मुआविन आम्हाला शोधत दुकानात आला. त्याने पाव पाहिला, दुकानदाराने सांगितलेली किंमत ऐकली आणि त्याचा चेहरा बदलला. दोघांचं तुर्कीत जोरात सुरू झालं. किंमत खाली आली. मग मुआविनाचं लक्ष थाळ्यांकडे गेलं. त्याने पिवळसर खसखस चिमटीत घेतली, चोळली, फुंकर मारली आणि "पांढरी घे" असं बायकोने त्याला खुणेने सांगितलं. आपल्या आईसाठी हवी, असं त्याने आम्हाला हातवारे करून समजावलं. बाहेर धुऊन निथळलेली बस हॉर्न वाजवत होती, सगळे प्रवासी जागेवर बसले होते, आणि आमचा मुआविन अर्ध्या किलोच्या भावावर अडून बसला होता.